नागासाकीची यात्रा आणि आपलीं घरें

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवी सोहळ्यांत दिलेलें भाषण)



ज्युबिली समितीनें आज आम्हांस या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली, आणि विषयहि समितीनेंच ठरवून दिला. तो असा कीं, या महोत्सवानिमित्त आपल्या धर्मग्रामांतील कांहीं कुटुंबें व आपल्या मठांतील सिस्टर यांच्यासह २०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत आम्ही जपान देशांतील नागासाकी नगराची जी यात्रा केली, तिचा वृत्तांत सांगावा. वृत्तांत म्हणून विमान किती वाजतां सुटलें, कोठें उतरलों, काय खाल्लें, याची यादी वाचून दाखवितां येईल. परंतु छायाचित्रें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत, आणि प्रवासाच्या गप्पा ओट्याओट्यांवर बसून पुष्कळ झाल्या आहेत. म्हणून आज आम्ही एवढेंच सांगूं कीं, आम्ही तेथें कां गेलों, तेथें काय पाहिलें, आणि जें पाहिलें त्याचा आपल्या घरांशीं काय संबंध आहे.

यात्रेचा बेत जाहीर झाला तेव्हां अनेकांनीं विचारलें, "फादर, जावयाचें तर पवित्र भूमि आहे, रोम आहे, लूर्द आहे, फातिमा आहे. जपानच कां?" या प्रश्नाचें उत्तर आपल्या वसईच्या मातींत आहे. संत गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. गास येथें त्याच्या नांवाचें देऊळ आहे, वसईस त्याच्या नांवाचें कॉलेज आहे, त्याचा सण आपण साजरा करितों, त्याचें नांव मुलांस देतों. परंतु तो कोठें मेला, कोणाच्या संगतींत मेला, आणि त्याच्या मरणाचें पुढें काय झालें, हें आपल्यांतील फार थोड्यांस ठाऊक आहे.

गोन्सालो हा धर्मगुरु नव्हता, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. पिता पोर्तुगीज, माता येथलीच, असें परंपरेनें सांगतात. वसईस जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखालीं तो शिकला, तरुणपणींच त्यांच्याबरोबर जपानास गेला, तेथील भाषा त्यानें आत्मसात् केली, पुढें कांहीं वर्षें व्यापार केला, आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून दाखल झाला. १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूबरोबर तो पुनः जपानास गेला, तो दुभाषी म्हणून. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढें फ्रान्सिस्कनांचें म्हणणें त्याच्याच भाषेंत मांडणारी जीभ वसईच्या माणसाची होती. १५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्या प्रकरणावरून हिदेयोशीच्या मनांत परकीयांविषयींचा संशय बळावला, आणि क्योतो व ओसाका येथील चोवीस ख्रिस्ती जन पकडले गेले. क्योतो शहरांत त्यांच्या डाव्या कानांचा तुकडा कापण्यांत आला, गाड्यांवरून त्यांची धिंड काढण्यांत आली, आणि ऐन हिवाळ्यांत त्यांना नागासाकीच्या वाटेस लावलें. वाटेंत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे त्यांत सामील केले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका नांवाच्या टेकडीवर या सव्वीस जणांस क्रूसांवर बांधून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा प्रापंचिक होते. पोप नववे पायस यांनीं ८ जून १८६२ रोजीं त्यांना संतपद दिलें.

आतां आमच्या तयारीविषयीं थोडें सांगतों, कारण पुढें आणखी कोणी यात्रेस निघतील त्यांस तें उपयोगीं पडेल. प्रथम ज्या प्रवासी कंपनीकडे चौकशी केली, तिनें पाठविलेल्या आराखड्यांत नागासाकीस अर्धा दिवस आणि बाजारपेठांस दोन दिवस दिलेले होते. मिस्सेची वेळ तर कोठेंच नव्हती. आम्हीं तो आराखडा उलटा करून घेतला, आणि तें ज्या दुसऱ्या कंपनीस मान्य झालें तिच्यामार्फत निघालों. शिवाय तीन नियम केले. पहिला नियम असा कीं, होईल तों कुटुंबानें एकत्र यावें. आजी-आजोबांस घरीं राखण ठेवून सुनामुलांनीं एकटें निघूं नये. दुसरा असा कीं, कोणींहि कर्ज काढून येऊं नये. कर्जाच्या ओझ्यानें केलेली यात्रा देव मागत नाहीं, आणि सावकार मात्र तिचें व्याज मागतो. तिसरा असा कीं, रोज संध्याकाळीं जेथें मुक्काम असेल तेथें जपमाळ म्हणावी, आणि ती सांगण्याची पाळी एकेका कुटुंबाची असावी, पाद्र्याची नव्हे. ज्यांना येतां आलें नाहीं, त्यांनीं आपल्या विनंत्यांच्या चिठ्ठ्या आमच्याजवळ दिल्या. त्या आम्हीं नागासाकीस नेल्या आणि तेथल्या मिस्सेंत वेदीपाशीं ठेविल्या.

तिकडे आमच्याबरोबर एक जपानी मार्गदर्शिका होती. ती ख्रिस्ती नव्हती. परंतु आपल्या नगराचा इतिहास तिला पाठ होता, आणि निशिझाकावर पोहोंचतांच बोलण्यापूर्वीं ती कमरेंत वांकून नमस्कार करी. ती इंग्रजीत सांगे, आणि ज्या वडीलमंडळींस इंग्रजी समजत नसे त्यांच्यासाठीं आमच्यांतील एक कॉलेजांत शिकणारी मुलगी तें घरच्या भाषेंत सांगे. एका सिस्टरांनीं तिला म्हटलें, "बाळ, गोन्सालोचें काम तुझ्याकडे आलें आहे." त्या दिवसापासून ती मुलगी प्रत्येक ठिकाणीं आदल्या रात्रीं वाचून तयार होऊन येऊं लागली.

क्योतोपासून नागासाकीपर्यंत आम्ही वेगवान आगगाडीनें, दोनदां गाडी बदलून, सुमारें पांच तासांत गेलों. मऊ आसनें होतीं, हातांत गरम चहा होता. तेंच अंतर, सुमारें आठशें किलोमीटर, त्या हुतात्म्यांनीं जवळजवळ एक महिना चालून काटलें होतें. हें आम्हीं गाडींतच सर्वांस सांगितलें. गाडी भरधांव चालली होती, आणि डब्यांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

निशिझाका हें स्थान नागासाकीच्या स्टेशनापासून अगदीं जवळ, थोड्या चढावर आहे. तेथें १९६२ सालीं, म्हणजे संतपदाच्या शताब्दीच्या वर्षीं, उभारलेलें स्मारक आहे. शिल्पकार फुनाकोशी यांनीं घडविलेल्या सव्वीस कांस्यमूर्ति एका रांगेंत उभ्या आहेत. दुरून पाहतां त्या सारख्याच वाटतात. जवळ गेल्यावर ध्यानांत येतें कीं, त्यांतील तीन मूर्ति लहान आहेत. तीं मुलें होतीं. लुइस बारा वर्षांचा, अंतोन तेरा वर्षांचा, तोमास कोझाकी चौदा वर्षांचा. अंतोनाचे आईबाप नागासाकीसच राहात; ते क्रूसाच्या पायथ्याशीं रडत आले, आणि मुलानेंच त्यांना धीर दिला. तोमास हा तर आपल्या पित्याबरोबर, मिगेल कोझाकीबरोबर, ती सारी वाट चालला. वाटेंत मिहारा येथील मुक्कामांत त्यानें आईस पत्र लिहिलें, तिचें सांत्वन केलें, आणि धाकट्या भावांना सांभाळून त्यांचा धर्म राखावा अशी तिला विनवणी केली. तें पत्र पुढें पित्याच्या वस्त्रांत सांपडलें असें सांगतात.

ही गोष्ट ऐकून आमच्यांतील एका लहान मुलानें विचारलें, "फादर, त्याला घरीं परत जायचें नव्हतें का?" आम्ही उत्तर शोधीत होतों, तोंच त्याची आजी म्हणाली, "जायचें होतें रे बाळा. म्हणून तर आईला पत्र लिहिलें." धर्मशास्त्राच्या अभ्यासांत आम्हीं हुतात्म्यांविषयीं पुष्कळ वाचलें आहे, परंतु याहून अधिक समर्पक उत्तर आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. हुतात्मा हा घर विसरलेला मनुष्य नव्हे. त्याला घराची ओढ असते, आणि ती सोसूनच तो पुढें जातो.

निशिझाकावर मिस्सा झाल्यावर दुसऱ्या दिवशीं आम्ही ओउरा येथील देवळांत गेलों. चढ मोठा आहे. आमच्या लुगडें नेसलेल्या आजीबाई नातवाच्या खांद्यावर हात ठेवून सर्व पायऱ्या चढल्या, आणि सारा समुदाय त्यांच्या पावलानें चालला. हें देऊळ १८६४ सालीं फ्रेंच धर्मगुरूंनीं परदेशी व्यापाऱ्यांसाठीं बांधलें, आणि नुकतेंच संतपद मिळालेल्या त्या सव्वीस हुतात्म्यांस अर्पण केलें. म्हणजे ज्या देवळाच्या आश्रयदात्यांत आपला वसईकर गोन्सालो आहे, तें हें देऊळ. या देवळांत काय घडलें तें नीट ऐका.

१६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. धर्मगुरु हांकलले गेले किंवा मारले गेले. १६४४ च्या सुमारास त्या देशांत उरलेला शेवटचा धर्मगुरुहि मारला गेला. त्यापुढें सुमारें सव्वादोनशें वर्षें त्या देशांतील ख्रिस्ती जनांस धर्मगुरु नव्हता. मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हतें, देऊळ नव्हतें, शाळा नव्हती. उलट, दरवर्षीं अधिकाऱ्यांसमोर जाऊन प्रभूच्या किंवा पवित्र मरियेच्या चित्रावर पाय ठेवावा लागे. न ठेवल्यास शिक्षा होई. अशा स्थितींत धर्म राहिला कसा? तो घरांत राहिला. नागासाकीजवळच्या उराकामी गांवांत तीन प्रकारचे सेवक असत. एक वर्षाचे सण आणि उपवासाचे दिवस मोजून ठेवी. दुसरा नवजात बालकांस स्नानसंस्कार देई. तिसरा घरोघर निरोप पोहोंचवी. हे सारे शेतकरी आणि कोळी होते. प्रार्थना आईच्या तोंडून मुलाच्या तोंडीं गेल्या. त्यांतील लॅटिन शब्दांचा अर्थ विसरला, उच्चार बदलले, तरी प्रार्थना सुटली नाहीं. कुशींत बाळ घेतलेल्या कान्नोन देवीच्या मूर्तीपुढें ते मरियेची आठवण करीत. ज्या दिवशीं चित्रावर पाय ठेवावा लागे, त्या दिवशीं घरीं येऊन ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, कारण पापनिवेदन ऐकण्यास कोणी नव्हता. आणि त्यांच्यांत एक परंपरा होती कीं, सात पिढ्या लोटल्यावर पापनिवेदन ऐकणारे पुनः समुद्रावरून येतील.

१७ मार्च १८६५ रोजीं ओउराच्या देवळाच्या दाराशीं उराकामीचीं दहापंधरा माणसें येऊन उभीं राहिलीं. पेतिजां नांवाचे फ्रेंच धर्मगुरु आंत प्रार्थना करीत होते. एक स्त्री त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली कीं, आमचें अंतःकरण आणि आपलें अंतःकरण एकच आहे. आणि लगेच विचारूं लागली कीं, सांता मारियेची मूर्ति कोठें आहे? ती मूर्ति अद्याप त्या देवळांत आहे. आम्ही तिच्यापुढें गुडघे टेकले तेव्हां मनांत आलें कीं, हा प्रश्न विचारणारी एक बाई होती. तिनें कधीं देऊळ पाहिलें नव्हतें. तिच्या आजीनें पाहिलें नव्हतें, आजीच्या आजीनें पाहिलें नव्हतें. तरी देवळांत काय शोधावयाचें हें तिला ठाऊक होतें.

परंतु त्यांचे क्लेश एवढ्यानें संपले नाहींत. बंदी अजून कायम होती. ते उघडपणें पुढें आले म्हणून १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती जनांस, बायकामुलांसह, दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलें. १८७३ सालीं बंदी उठली आणि ते परत आले, तोंपर्यंत सहाशेंहून अधिक मेले होते. येथें आमच्या मार्गदर्शिकेनें एक गोष्ट सांगितली, ती आम्ही जन्मभर विसरणार नाहीं. उराकामीचे लोक त्या हद्दपारीला 'ताबी' म्हणत. ताबी म्हणजे प्रवास. जपानी मनुष्य सहलीस जातो तेव्हांहि हाच शब्द वापरतो. आमच्या हातांतल्या छापील कार्यक्रमावर जपानी अक्षरांत जो शब्द होता, तोहि तोच असल्याचें तिनें दाखविलें.

बंधुभगिनींनो, एकाच शब्दाखालीं दोन कुटुंबें उभीं राहिलीं. एक कुटुंब आपलें, ज्याच्या प्रवासांत गाडी, खोली, न्याहारी सर्व आधीं ठरलेलें. दुसरें त्यांचें, ज्याच्या प्रवासांत पोर वाटेंत मरतें आणि आई त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करून पुढें चालते. आपण सुखानें प्रवास करितों यांत पाप नाहीं. परंतु त्या प्रवासांतून ते लोक जें घेऊन परतले, तें आपण आपल्या प्रवासांतून घेऊन परततों काय, हा प्रश्न स्वतःस विचारल्यावांचून विमानांत बसूं नये.

परतलेल्या लोकांनीं काय केलें? ज्या ठिकाणीं त्यांच्या पूर्वजांस चित्रावर पाय ठेवावा लागे, ती गांवच्या प्रमुखाच्या घराची जागा त्यांनीं विकत घेतली, आणि तेथें स्वतःच्या श्रमानें मोठें देऊळ उभारलें. १८९५ सालीं काम सुरू झालें, आणि १९२५ सालीं मनोरे पुरे झाले. वीस वर्षांनीं, ९ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं, त्या देवळापासून सुमारें अर्ध्या किलोमीटरवर अणुबॉम्ब फुटला. मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण जवळ आला होता म्हणून देवळांत पापनिवेदन चाललें होतें. ऐकणारे धर्मगुरु आणि थांबलेली माणसें तेथेंच गेलीं. उराकामीच्या सुमारें बारा हजार कॅथोलिकांपैकीं सुमारें साडेआठ हजार त्या बॉम्बनें मेले.

तेथून जवळच डॉक्टर ताकाशी नागाई यांची झोपडी जतन केलेली आहे. हे क्ष-किरणांचे डॉक्टर होते, आणि त्या कामामुळें बॉम्बच्या आधींच त्यांना रक्ताचा असाध्य रोग जडला होता. त्यांची पत्नी मिदोरी ही उराकामीच्या त्या गुप्त ख्रिस्ती सेवकांच्या कुळांतली. बॉम्बनंतर घराच्या राखेंत तिच्या अस्थि मिळाल्या, आणि त्यांच्याजवळ तिची जपमाळ मिळाली. पुढें दोन चटयांएवढ्या त्या खोलींत डॉक्टर आपल्या दोन मुलांसह राहिले, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या पुस्तकें लिहीत १९५१ सालीं वारले. आमच्यांतील कुटुंबवत्सल पुरुषमंडळी त्या खोलीपुढें फार वेळ उभी होती. आपल्या वसईंत आतां मोठमोठे बंगले झाले आहेत, प्रत्येक मुलास वेगळी खोली आहे. त्या एका खोलींत जें होतें, तें आपल्या सर्व खोल्यांत मिळून आहे काय?

देवळाच्या ढिगाऱ्यांतून एक घंटा शाबूत निघाली, आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं ती वाजविण्यांत आली. दुसऱ्या मनोऱ्याची घंटा मात्र फुटली होती. देऊळ १९५९ सालीं पुनः बांधलें गेलें, तरी तो मनोरा रिकामाच होता. अखेर अमेरिकेंतील कॅथोलिकांनीं वर्गणी करून नवी घंटा पाठविली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजीं, बरोबर ऐंशी वर्षांनीं, ११ वाजून २ मिनिटांनीं दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्या राष्ट्रानें बॉम्ब टाकला, त्याच राष्ट्रांतील धर्मबंधूंनीं ही घंटा दिली. आपल्या धर्मग्रामांत बांधाच्या वादावरून, वांटणीच्या वादावरून भावाभावांचीं बोलणीं बंद आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. कोणाचें नांव आम्ही घेत नाहीं. नागासाकीनें घंटा स्वीकारली, एवढेंच सांगतों.

आतां शेवटचें. आपल्या धर्मग्रामास पंचाहत्तर वर्षें झालीं. या काळांत आपल्याला मिस्सा लाभत आली, ही देवाची कृपा. परंतु समजा कीं, उद्यांपासून पंचवीस वर्षें येथें धर्मगुरु येणार नाहीं. तुमच्या घरांत काय उरेल? मुलांस प्रार्थना कोण शिकवील? सणांचे दिवस कोणाच्या ध्यानांत राहतील? आजारी माणसाच्या उशाशीं बसून पश्चात्तापाची प्रार्थना कोण म्हणेल? हा प्रश्न आम्ही भीति घालण्यासाठीं विचारीत नाहीं. सेमिनरींत जाणाऱ्या मुलांची संख्या घटत आहे. आपलीं तरुण मुलेंमुली नोकरीसाठीं आखातांत, कॅनडांत, ऑस्ट्रेलियांत जात आहेत, आणि ज्या गांवीं तीं राहतात तेथें देऊळ जवळ असेलच असें नाहीं. त्यांचा प्रवास हीहि एक ताबीच आहे. त्यांच्या सामानांत आपण लोणचें, सुकी मासळी, गरम कपडे भरून देतों. प्रार्थना भरून दिली आहे काय?

म्हणून यात्रेहून परतलेल्या कुटुंबांनीं मिळून ठरविलेल्या तीन गोष्टी आज सर्व धर्मग्रामापुढें ठेवितों. पहिली अशी कीं, संध्याकाळीं ठराविक वेळीं मोबाइल आणि टेलिव्हिजन बंद करून घरांत जपमाळ म्हणावी, आणि ती सांगण्याची पाळी मुलांसहि द्यावी. दुसरी अशी कीं, प्रत्येक वाडींत एका घरानें वडीलमाणसांच्या तोंडच्या जुन्या प्रार्थना आणि गाणीं उतरून घ्यावींत, कारण तीं म्हणणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. तिसरी अशी कीं, परदेशीं निघणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस घरच्या वडीलमाणसांनीं देव्हाऱ्यापुढें उभें करून आशीर्वाद द्यावा, आणि संत गोन्सालोची गोष्ट सांगावी. तोहि याच किनाऱ्यावरून परदेशीं गेला, तेथील भाषा शिकला, व्यापार केला, आणि तरीहि आपला देव विसरला नाहीं.

ही यात्रा पुनः केव्हां होईल, असें अनेक जण विचारतात. देवाची इच्छा असेल तेव्हां होईल. तोंवर ज्यांना जातां येणार नाहीं त्यांनीं खंत करूं नये. नागासाकीस जाऊन आम्ही जें शिकलों, तें उराकामीच्या लोकांनीं कोठेंहि न जातां, आपल्या चुलीजवळ बसून, सात पिढ्या सांभाळलें होतें.

संत गोन्सालो गार्सिया आणि त्याचे सहहुतात्मे आपल्या घरांसाठीं, आपल्या दूर गेलेल्या मुलांसाठीं आणि या धर्मग्रामाच्या पुढील वर्षांसाठीं प्रभूजवळ विनंती करोत. देव तुम्हां सर्वांचें कल्याण करो.